डाव्या दाराचा स्पीकर

६ एप्रिल, रविवार

डॉक्टर म्हणाले, हरेशशेठ, राग आला की ओरडायचं नाही, लिहायचं. प्रेशरची गोळी आणि वही, दोन्ही रोज. ठीक आहे, लिहितो. आज माझं डोकं माझ्याच बायकोवर फिरलंय.

टेमघरहून माझा थोरला भाऊ महादूदादा आला होता. त्याच्या धाकटीचं, ऋतिकाचं, लग्न मे महिन्यात ठरलं. आमच्या आगऱ्यांत हल्ली हळदीला डीजेच्या भिंती उभ्या राहतात, पण दादाच्या व्याह्यांनी सांगितलंय की हळद फोडताना, उखळात हळकुंडं कुटताना, धवला झाला पाहिजे, आणि तो कमळाबाईंनीच म्हटला पाहिजे. लग्नातली ही जुनी गाणी म्हणणारी बाई, धवलारीण, आता शोधून सापडत नाही. माझी बायको त्यातली एक. तिची आत्या राहीबाई मोठी नावाजलेली होती, तिच्या मागं बसून कमळा शिकली. दादा माझ्याशी इतकं गोड कधी बोलत नाही. मी तिथल्या तिथं म्हटलं, "शब्द दिला. कमळा म्हणणार."

कमळा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. आमच्या तोंडाकडं बघत होती. ट्रे ठेवला आणि म्हणाली, "दादा, मना आता जमत न्हाय. आवाज बसलाय."

आवाज बसलाय! सकाळी भांडीवालीवर ओरडते तर पलीकडच्या गल्लीतली माणसं खिडकीत येतात. गेल्या काही वर्षांत तर तिचा आवाज वाढतच चाललाय. दादा गेल्यावर पुन्हा विचारलं तर म्हणते, "आठवत न्हाय आता." एकाच संध्याकाळी दोन कारणं, म्हणजे दोन्ही खोटी. खरं कारण मला ठाऊक आहे. दादाच्या थोरल्याच्या हळदीला ही धवला म्हणत असताना वहिनींनी मधेच डीजे सुरू करायला लावला होता. तो राग ही अजून पदरात बांधून बसलीय.

पण शब्द मी दिलाय. कामतघरच्या कारखान्यात रोजंदारीनं लागलो, लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारा जॉबर झालो, स्वतःचे लूम घातले, ते विकून राहनाळला गोडाऊन बांधलं. या सगळ्यात माझ्याजवळ दोनच गोष्टी होत्या, शब्द आणि कान. डोळे मिटून कारखान्यात शिरायचो आणि कुठला लूम आजारी आहे ते सांगायचो. असल्या माणसाला बायको चारचौघांत खोटा पाडते.

८ एप्रिल

आठवत नाही म्हणते ना, मग ऐक. दीपेशकडे, माझ्या पोराकडे, राहीबाईच्या धवल्यांचं रेकॉर्डिंग आहे. म्हातारी जायच्या आधी त्यानं एका लग्नात फोनवर घेतलं होतं. घरी ऐकायची सोय नाही, शेजारच्या लूमचा खडखडाट भिंतीतून येतो. गाडी बरी. रोज सकाळी कमळा माझ्याबरोबर राहनाळला येतेच, गोडाऊनच्या मागं तिनं भाजी लावलीय. काचा वर करायच्या, राहीबाई लावायची, जाता-येता उजळणी.

आज लावलं. बाईसाहेब खिडकीबाहेर बघत बसल्या. मी विचारलं, "आठवतंय का गो?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. पुढं कंटेनर, बाजूला कंटेनर, माझे डोळे रस्त्यावर. नाहीतर तिथंच थांबवून भांडलो असतो. घरात ही धड बोलते. माझ्याकडं अशी टक लावून बघते की नवीन लग्न झालंय असं वाटावं. गाडीत बसली की मात्र दगड.

उतरताना म्हणाली, "ह्या डब्यातून काय कळतंय? नुसतं घुमतंय."

त्यात मात्र खोटं नाही. कंपनीचे स्पीकर कागदाचे. राहीबाई गोधडीत तोंड घालून गातेय असं वाटतं. बरं झालं. हे कारणसुद्धा काढून टाकतो, मग बघू काय उरतं.

११ एप्रिल, शुक्रवार

शुक्रवारची सुट्टी, लूम बंद, गाव शांत. अंजूरफाट्याजवळ प्रितेशचं दुकान आहे, तिथं दोघं गेलो. पोरगा बोलायला गोड. "शेठ, पुढच्या दोन दारांचे बदला. तेवढ्यात गाडी बोलायला लागेल." दाराचं कव्हर उपसलं, आतल्या पत्र्याला काळी चिकट शीट ठोकली म्हणजे पत्रा वाजत नाही. खाली मोठा स्पीकर जाड आवाजाला, वर आरशाच्या कोपऱ्यात छोटा, बारीक आवाजाला. दोन्ही दारांना तसंच.

लावून झालं आणि त्यानं राहीबाई चालू केली. मी म्हटलं, "बंद कर."

"काय झालं शेठ?"

"बाई कुठं बसलीय?"

"म्हणजे?"

"म्हणजे बाईचा आवाज समोरून यायला पाहिजे, दोघांच्या मधून. हिचा कुठूनच येत नाही. जाड आवाज तर मेलाच आहे. एका दाराची तार उलटी लावलीयस तू."

हसला. "शेठ, रोजचं काम आहे माझं."

"आणि माझं काय? उघड."

उघडलं. उलटीच होती. एक स्पीकर ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता, मधल्या मधे गाणं मरत होतं. तार फिरवली आणि राहीबाई डॅशबोर्डवर येऊन बसली. प्रितेशनं कान पकडले. मी चिडलो होतो, पण बरंही वाटलं. इतक्या वर्षांनी कान अजून चालतात.

कमळा तेव्हा दुकानाच्या पलीकडच्या टोकाला स्टुलावर. मधे चार गाड्यांत चार गाणी चाललेली, कोणाचं कोणाला ऐकू येईना. मी इकडूनच म्हटलं, "चल, झालं." लगेच उठली, पिशवी घेतली. मी प्रितेशला म्हटलं, "बघ, त्या गोंगाटातून हिनं ऐकलं. लूमवरची माणसं आम्ही. आमच्या कानांना फसवू नकोस." कमळा हसली नुसती.

म्हणून सांगतो, कान तिचे ठणठणीत आहेत. आता गाडीत ऐकू येत नाही म्हणाली तर एकतर स्पीकर खोटा नाहीतर ती.

१४ एप्रिल

ती.

राहीबाई काचेसारखी स्वच्छ वाजतेय आणि ही गप्प. विचारलं, "कसं वाटतंय?" गप्प. "दादाचा फोन आला होता, काय सांगू?" गप्प. मी स्टिअरिंगवर हात आपटला तेव्हा दचकून बघितलं आणि म्हणते, "काय झालं? कुत्रं आडवं आलं का?"

कुत्रं!

आणखी एक. कोणीतरी माझ्या गाडीत बोटं घालतंय. मी आवाज मध्यावर ठेवतो, संध्याकाळी चालू केली की किंकाळी येते. वर सगळा आवाज डाव्या दाराकडं सरकवलेला. दीपेशला झाडला. तो म्हणाला, "मी हात लावला न्हाय बाबा." मग कोणी लावला? माझ्या तोंडाकडं बघत राहिला. काहीतरी बोलणार होता, मग टॉवेल घेऊन आंघोळीला गेला. या घरात मी विचारतो आणि सगळे आंघोळीला जातात.

१७ एप्रिल

आज स्वतःच बोलली, "डाव्या दाराचा बिघडलाय. माझ्या बाजूला शब्द कळत न्हाईत."

पुन्हा प्रितेश. त्यानं डावं दार उघडलं, स्पीकर बदलला, छोटावाला तिच्या तोंडाच्या दिशेनं वळवून बसवला. मी डावीकडं बसून ऐकलं. राहीबाई श्वास घेते तोसुद्धा ऐकू येत होता. परतीच्या वाटेवर कमळाला विचारलं, "आता?"

खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हां, पिकलेत आता, उद्या तोडते."

टोमॅटो! मी स्पीकरचं विचारतोय आणि ही भाजीचं बोलतेय. माणसाला वेडं ठरवायची ही कुठली तऱ्हा? दादाचा रोज फोन, "कमळा तयारी करतेय ना?" मी रोज "हो" म्हणतो. रोज एक खोटं बोलायला लावलंय हिनं मला. माझा शब्द गेला तर टेमघर ते राहनाळ सगळे म्हणतील, हरेशच्या घरात बायकोपुढं हरेशचं चालत नाही.

२० एप्रिल, रविवार

आज प्रितेशच्या दुकानात मोठा तमाशा केला. तो म्हणे डावा बरोबर आहे, मी म्हणे माझी बायको खोटं बोलते का. (बोलते, पण ते मी बोलायचं, त्यानं नाही.) शेवटी तो वैतागला. "शेठ, मशीनचा आवाज लावतो. जाड सुरू होऊन बारीक-बारीक होत जातो. काकी डावीकडं बसतील. आवाज थांबला की हात वर करायचा. जिथं थांबेल तिथं स्पीकर खराब. मग मी फुकट बदलून देतो."

उजवं दार बंद ठेवलं. मी मागं बसलो. आवाज सुरू झाला, म्हशीच्या हंबरण्यासारखा, मग शिट्टीसारखा, आणि शिट्टी होते न होते तोच कमळानं हात वर केला. "थांबला."

आणि थांबला कुठं होता? माझ्या दातांत सळसळत होता! सुईसारखा बारीक, दुकानाबाहेरचं कुत्रंसुद्धा उठून बसलं. प्रितेशनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. दोघांनाही ऐकू येत होतं.

मी म्हटलं, "ऐकलंस ना? थांबला म्हणतेय ती. बदल."

त्यानं मुकाट बदलला. मघाशी भांडणारा पोरगा एकदम गरीब का झाला, कळलं नाही. हिशेबाला गेलो तर म्हणाला, "काकींना सांभाळा, शेठ." मला काय सांगतो? पण खरं सांगतो, आज कमळाचं कौतुक वाटलं. नवऱ्याची बाजू पडायला लागली तर भर दुकानात, तोंडावरची रेघ न हलवता, खोटं बोलली. अशी बाई धवला का म्हणत नाही?

२२ एप्रिल

आज घाईत लिहितोय. अक्षर वाकडं येईल, येऊ दे.

आज गाडी दीपेशनं घेतली, माझं डोकं दुखत होतं. कमळा पुढं डावीकडं, मी तिच्या मागं. राहीबाई चालू. मी मागून म्हटलं, "दादाला आज शेवटचं सांगायचंय. म्हणणार की नाही?" उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. तिची मान हलली नाही. बोटं मात्र मांडीवर ठेका धरून होती. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. संसारात जे कधी बोललो नव्हतो ते बोललो. राहीबाईला तरी कुठं सूर होता, तुझं माहेरच बेसूर, तुझा बाप फुकट जेवायला मिळतं म्हणून लग्नांत फिरायचा.

तिच्या बापावर बोललं तर ही चालत्या गाडीतून उतरेल. मी वाट बघत होतो, वळेल, शिव्या देईल, निदान भांडण तरी होईल.

ठेका चालूच.

दीपेशनं आरशातून माझ्याकडं बघितलं. "बाबा, नका."

"नका काय? सांग तुझ्या आईला."

"आईला ऐकू येत न्हाय."

नेहमीच्या आवाजात बोलला. ती त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

पोरगा गाडी चालवत पुढं बघून बोलत राहिला, जसं काही गाडीत आम्ही दोघंच आहोत. बारीक आवाज गेलेत. जाड येतात, हॉर्न येतो, ढोल येतो. कानाच्या डॉक्टरकडं तोच घेऊन गेला होता. मशीन दिलं होतं, तिनं लावलं न्हाय. म्हणाली, माणसाच्या आधी भांडीच वाजतात त्यात. घरात निभावते, कारण तोंडाकडं बघते. लूमच्या खडखडाटात बायका ओठांवरून बोलायच्या ना, तसंच. गाडीत तुमचं अर्धंच तोंड दिसतं तिला. आणि मला सांगू नको म्हणून तिनं दीपेशला गळ्याची शपथ घातलेली.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना, बाबा. भांडीवालीला पण."

भांडीवालीला! प्रितेशला एका हात वर करण्यात कळलं. आणि मी, डोळे मिटून लूम ओळखणारा, तीन वेळा स्पीकर बदलत बसलो. कोणावर जास्त राग आलाय तेच कळत नाही. तिनं मला मूर्ख बनवलं, पोरानं बनवलं, आणि सगळ्यात जास्त या दोन कानांनी. उपटून फेकावेसे वाटतात.

२३ एप्रिल

सकाळी स्वयंपाकघरात तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "मना का न्हाय सांगितलंस?"

माझ्या तोंडाकडं बघून तिला कळलं की मला कळलंय. गॅस बंद केला.

"काय सांगू? तुमी उठता-बसता कानांवर मिरवता. हे ऐकलं, ते ऐकलं. तुमच्या घरात बहिरी बाई म्हणून फिरू?"

"म्हणून मला गाडीत वेड्यासारखं बोलायला लावलंस?"

"बोलत होतात? मना वाटलं गाणं म्हणताय." आणि हसली. हसली! मी भांडं आपटलं. ते मात्र ऐकलं तिनं. "आपटू नका, त्याला पोचा पडेल."

माझ्या तोंडून निघालं, "हे झालं कशानं?"

"कशानं म्हणजे? सुताच्या कांड्या भरायला कुठं बसायचे मी?"

कारखान्यात. दोन लूमच्या मधल्या बोळात, कांडी मशिनवर, दीपेश पोटात असतानासुद्धा. ते लूम कोणाचे होते हे ती बोलली नाही. मीही नाही.

मग धवल्याचं सांगितलं. ती एक ओळ सोडते, समोरच्या-मागच्या बायका ती उचलतात, त्यांचं संपलं की तिनं दुसरी धरायची. "त्यांचं कधी संपलं ते कळत न्हाय मना. मधेच घुसले तर धवला मोडला. हळदीला धवला मोडलेला नवरीला चांगला न्हाय. म्हणून न्हाय म्हटलं. वहिनींवर कसला राग? त्या डीजेला किती वर्षं झाली!"

मी म्हटलं, दादाला नाही म्हणून कळवतो. आयुष्यात पहिल्यांदा शब्द मागं घेतो. फोन हातात घेतला तर तिनं मनगट धरलं.

"बायकांची तोंडं दिसली तर जमंल."

"धवलारीण नवरीकडं तोंड करून बसते."

"मी बायकांकडं करीन. पाठ नवरीकडं. पण का, ते कोणाला सांगायचं न्हाय. तुमी तोंड उघडलंत तर मी तिथून उठून घरी येईन."

असल्या बाईशी मी धंदा केला असता तर कर्जातच राहिलो असतो.

४ मे, रविवार

आज ऋतिकाची हळद फुटली. सकाळी टेमघरला दादाच्या अंगणात मांडवाखाली पाटावर नवरी, भोवती बायका, उखळात हळकुंडं. कमळा आली, सगळ्यांकडं बघून हात जोडले, आणि नवरीकडं पाठ करून बायकांसमोर बसली.

कुजबुज सुरू झाली. दादा माझ्याजवळ आला. "हरेश, हे काय? माझ्या पोरीला पाठ दाखवतेय?"

"ती अशीच म्हणणार."

"कारण काय?"

"कारण नाही. नको असेल तर आत्ता उठवतो तिला."

व्याही बघत होते. दादानं दात आवळले. "तुझा शब्द असा असतो होय?"

मला काय काय बोलायचं होतं ते या वहीलाच ठाऊक. जीभ चावून उभा राहिलो, प्रेशर किती झालं असेल ते डॉक्टरनं येऊन बघावं.

आणि मग कमळानं पहिली ओळ सोडली. कोवळा आवाज नाही तो, उन्हात वाळलेला, पण सरळ. बायकांनी ओळ उचलली. कमळाची नजर या तोंडावरून त्या तोंडावर. शेवटच्या म्हातारीचे ओठ मिटले, आणि त्याच क्षणी दुसरी ओळ. तसूभर मागंपुढं नाही. मी कान लावून होतो, चूक सापडली असती तर मलाच आधी सापडली असती. हळद पिवळी होईपर्यंत धवला एकदाही मोडला नाही.

पण लोकांचं काय. मांडवाच्या कडेला उभा राहून सगळं ऐकलं मी. "जुना राग काढला बघ." "गोडाऊनवाली झाली ना आता." "पाठ दाखवायलाच आली होती." व्याह्यांच्या घरचा एक जण म्हणाला, आवाज छान, रीत न्हाय. एकेकाची कॉलर धरावीशी वाटली. कान तिखट असण्याची ही शिक्षा. दादा आम्हाला सोडायला फाटकापर्यंतही आला नाही. वर्षभर तरी येणार नाही आता. का ते त्याला मी सांगू शकत नाही, आणि तो विचारणार नाही.

जेवून निघालो. वाटेत कमळा म्हणाली, "कसं झालं? लोक काय म्हणत होते?"

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बंद केली आणि तिच्याकडं पुरता वळून बसलो. मागचे टेम्पोवाले हॉर्न मारून गेले, त्यांच्या आयला. सावकाश म्हटलं, "म्हणत होते, असा धवला बऱ्याच वर्षांत झाला न्हाय. कमळाबाईंची रीत वेगळी, पण गोड."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"खोटं बोलताना तुमचा वरचा ओठ ताठ होतो," म्हणाली. "पहिल्यापासून."

"खोटं कशाला बोलेन?"

"अवो, माझ्या समोरच बसल्या होत्या सगळ्या. मी त्यांच्या तोंडाकडंच बघत होते ना."

सगळं दिसत असताना ही गात राहिली? विचारलं तसं.

"ओळ कुठं संपते ते बघायचं होतं. मधल्या वेळात त्या काय बोलतात, ते फुकटात."

आणि मग तिनं ओठ वाकडे करून, वहिनी, वहिनींची बहीण, कोपऱ्यातली ती लाल शालूवाली, एकेकीची नक्कल करत सगळं जसंच्या तसं सांगायला सुरुवात केली. त्यातलं निम्मं मला ऐकू आलंच नव्हतं.